आगीसमोरची काच : जपानच्या बांधकाम नियमांतून घेण्याजोगा विवेक



स्मृतिव्याख्यानासाठी खिडकीच्या काचेसारखा विषय घ्यावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु भिंत कितीही पक्की असली तरी खिडकी ही तिच्यातील उणी जागा असते, आणि आग नेमकी तीच जागा शोधून काढते. विटांची किंवा काँक्रीटची भिंत तासन् तास धग सोसते. साधी काच काही मिनिटांतच तडकून खाली येते. याचे कारण सोपे आहे. आगीसमोर काचेचा मधला भाग झपाट्याने तापून प्रसरण पावतो, पण चौकटीच्या खाचेत दडलेल्या कडा त्या मानाने थंड राहतात. मध्यभाग कडांना ताणू लागतो. काच दाब पुष्कळ सोसते, ताण मात्र फारसा सोसत नाही. कडेवरच्या एखाद्या बारीक ओरखड्यापासून तडा निघतो, तुकडे गळून पडतात आणि त्या भगदाडातून ज्वाला शेजारच्या घराला किंवा वरच्या मजल्याला भिडतात.

हे भगदाड पडू द्यायचे नाही, निदान माणसे बाहेर निघेपर्यंत पडू द्यायचे नाही, या विचाराभोवती जपानने आपले नियम रचले आहेत. त्यामागे त्या देशाचा दुःखद अनुभव आहे. दाटीने उभी असलेली लाकडी घरे हे जपानी शहरांचे जुने रूप. १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपात तोक्यो व योकोहामा परिसरात सुमारे १,०५,००० माणसे दगावली, आणि त्यांतील बहुसंख्य भूकंपाने नव्हे तर त्यामागून भडकलेल्या आगींनी. १९५० साली बांधकाम मानक कायदा आला. पुढे १९९८ च्या दुरुस्तीने, जी २००० साली अमलात आली, कायद्याची भाषाच बदलली. तोवर आगरोधक दारे-खिडक्यांचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन वर्ग असत. त्यांच्या जागी अमुक साधनाने अमुक इतका वेळ अमुक गोष्ट अडवली पाहिजे, अशी कामगिरीची कसोटी आली.

म्हणूनच या देशात काच निवडणारा वास्तुशिल्पी ‘सर्वांत चांगली काच कोणती?’ असे विचारीत नाही. त्याला चार प्रश्न क्रमाने सोडवावे लागतात. खिडकी किंवा दार कोठे आहे? किती वेळ तग धरायचा आहे? काय अडवायचे आहे? आणि काच कोणत्या चौकटीत बसणार आहे?

पहिला प्रश्न जागेचा. जपानी शहरांच्या आराखड्यात काही विभाग ‘अग्निप्रतिबंधक’ आणि काही ‘उप-अग्निप्रतिबंधक’ म्हणून आखलेले असतात. अशा विभागांत बाह्य भिंतीचा जो भाग शेजारच्या आगीने पेटण्याचा संभव असतो, तेथील दारे-खिडक्या आगरोधक असाव्या लागतात. हा भाग ठरवण्याची रीत सुबोध आहे. शेजारच्या जागेच्या हद्दीपासून किंवा समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून तळमजल्यावर ३ मीटरपर्यंत आणि दुसऱ्या मजल्यापासून वर ५ मीटरपर्यंतचा भाग त्यात येतो. (जपानी मोजणीत तळमजला हाच पहिला मजला.) वर अंतर वाढवण्याचे कारण उघड आहे : आगीच्या ज्वाला व तापलेली हवा वर चढते आणि चढता चढता पसरते. समोर उद्यान, नदी अशी मोकळी जागा असेल तर सवलत मिळते. याखेरीज इमारतीच्या आत आग एका भागातून दुसऱ्या भागात जाऊ नये म्हणून कप्पे पाडावे लागतात. मोठ्या इमारतींत साधारणपणे दर १,५०० चौरस मीटरला असा कप्पा लागतो. जिने, उद्वाहनाचे कूप अशा उभ्या पोकळ्या वेगळ्या कराव्या लागतात.

दुसरा प्रश्न वेळेचा. बाह्य भिंतीतील संकटप्रवण खिडक्यांना ‘अग्निप्रतिबंधक साधना’ची म्हणजे २० मिनिटांची कसोटी लागते. क्षेत्रफळानुसार पाडलेल्या कप्प्यांच्या दारांना ‘विशिष्ट अग्निप्रतिबंधक साधना’ची, म्हणजे ६० मिनिटांची. परीक्षा भट्टीत होते आणि भट्टीचे तापमान आंतरराष्ट्रीय मानकाच्या ठरीव वक्ररेषेने चढवले जाते. विसाव्या मिनिटाला ते सुमारे ७८० अंश सेल्सिअस आणि साठाव्या मिनिटाला सुमारे ९४५ अंश असते. साधी काच सुमारे ७३० अंशांपाशी मऊ पडते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळतो. परीक्षेत तीन गोष्टी पाहतात : भट्टीबाहेरच्या बाजूला १० सेकंदांहून अधिक काळ ज्वाला फुटून येता कामा नये, त्या बाजूला १० सेकंदांहून अधिक काळ काही पेटत राहता कामा नये, आणि ज्वाला जाईल अशी फट किंवा तडा पडता कामा नये. काच तडकली म्हणून ती नापास होत नाही. ती जागा सोडते तेव्हा नापास होते.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि गफलत होते तीही येथेच. ज्वाला, उष्णता आणि धूर या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. वर सांगितलेली परीक्षा केवळ ज्वाला अडवण्याची आहे. ती उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेल्या पारदर्शक काचेतूनही आगीची प्रारणे आरपार जातात. काच शाबूत असते, पण तिच्या मागच्या मार्गिकेतून माणसाला धगीमुळे जाता येत नाही. जवळचा पडदा किंवा कागदांचा गठ्ठा आपोआप पेटू शकतो. म्हणून काचेचीच भिंत उभारायची असेल आणि ती भिंत म्हणून मोजली जावी अशी अपेक्षा असेल, तर उष्णताही अडवावी लागते. त्यासाठी मागच्या पृष्ठभागाचे तापमान सरासरी १६० अंशांच्या आणि कोठेही २०० अंशांच्या वर जाता कामा नये, अशी मर्यादा आहे.

धुराचा धडा ओसाका शहराने दिला. १३ मे १९७२ च्या रात्री सेन्निची डिपार्टमेंट स्टोअरच्या तिसऱ्या मजल्यावर आग लागली. ज्वाला खालच्याच मजल्यांवर राहिल्या, पण जिने, उद्वाहनाचे कूप व वातानुकूलनाचे नळ यांतून धूर सातव्या मजल्यावरच्या नाचगाण्याच्या क्लबमध्ये शिरला आणि ११८ माणसे प्राणास मुकली. आग न पोचलेल्या मजल्यावर एवढी माणसे जावीत, हे त्या दुर्घटनेचे भयंकर वैशिष्ट्य. उभ्या पोकळ्यांच्या दारांनी ज्वालेबरोबर धूरही अडवला पाहिजे, ही अट त्यानंतर आली. येथे काचेपेक्षा दाराच्या फटी, त्यांतील पट्ट्या आणि दार आपोआप मिटण्याची व्यवस्था यांना अधिक मोल असते.

आता काचांचे प्रकार पाहू. सर्वांत जुनी आणि स्वस्त ती तारजाळीची काच. जपानात ती बहुधा ६.८ मिलिमीटर जाडीची मिळते. आगीत ती तडकतेच, पण आतली जाळी तुकडे धरून ठेवते. तिचा नेहमीचा उपयोग २० मिनिटांच्या वर्गात होतो. तिच्यात दोन दोष आहेत. कडेला पाणी मुरले की तारा गंजून फुगतात व काच फुटते. आणि कडा कमजोर असल्यामुळे नुसत्या उन्हाच्या तापानेही ती तडकू शकते. एक सावधगिरी येथेच सांगितली पाहिजे. एकाच दिशेने समांतर तारा घातलेली काचही बाजारात असते. दिसायला ती तशीच, परंतु आडव्या तारा नसल्याने तुकडे धरले जात नाहीत, आणि आगरोधक म्हणून ती ग्राह्य नाही.

दुसरा प्रकार उष्णतासह टणक काचेचा. तापवून एकदम थंड केल्याने तिच्या पृष्ठभागात कायमचा दाब साठवलेला असतो. कडा ताणल्या जाऊ लागल्या की आधी तो दाब संपावा लागतो, मगच तडा जातो. जाळी नसल्याने दृष्टीला अडथळा होत नाही, आणि फुटलीच तर तिचे बारीक कण होतात.

तिसरा प्रकार स्फटिकीकृत काचेचा. हिच्यात अतिसूक्ष्म स्फटिक वाढवलेले असतात. ते तापल्यावर आकुंचन पावतात, भोवतालची काच प्रसरण पावते आणि दोन्ही मिळून प्रसरण जवळजवळ शून्यावर येते. प्रसरण नाही म्हणजे ताण नाही. धगधगीत तापलेल्या अवस्थेत तिच्यावर अग्निशमन दलाच्या नळाचे पाणी पडले तरी ती फुटत नाही. ६० मिनिटांच्या वर्गात तिचा वापर होतो. पण तीही उष्णतेची प्रारणे अडवीत नाही. आणि माणूस आदळण्याचा संभव असेल तेथे तिला सुरक्षा-पटल लावावे लागते किंवा तिचे दोन थर चिकटवावे लागतात.

चौथा प्रकार थरांच्या काचेचा. काचांच्या थरांमध्ये सिलिकेटाचा पारदर्शक लेप असतो. आग लागताच तो फुगून पांढऱ्या फेसासारखा होतो व पलीकडचे दिसेनासे होते. हा फेस ज्वालेबरोबर उष्णताही थोपवतो. काच जाड, वजनदार आणि महाग. परंतु सुटकेच्या मार्गालगत काचेची भिंत हवी असेल तर पर्याय हाच.

चौथा प्रश्न चौकटीचा. जपानात मान्यता सुट्या काचेला नसते. काच, चौकट, भरण, पट्ट्या, बिजागऱ्या या सर्वांची मिळून असते. शासनाने राजपत्रात वर्णन केलेली रचना वापरावी, किंवा नेमून दिलेल्या संस्थेत परीक्षा करवून भूमी व वाहतूक खात्याच्या मंत्र्यांची मान्यता असलेली रचना वापरावी, असे दोनच मार्ग. मान्यतेच्या क्रमांकाची आद्याक्षरे पुष्कळ काही सांगतात : ‘ईए’ म्हणजे ६० मिनिटांचा विशिष्ट वर्ग, ‘ईबी’ म्हणजे २० मिनिटांचा, आणि ‘ईसी’ म्हणजे फक्त बाहेरच्या आगीपुरता २० मिनिटांचा. मान्यतेत कमाल मापही दिलेले असते. त्याहून मोठे तावदान बसवले, किंवा पोलादी चौकटीत पारखलेली काच अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत घातली, तर ती मान्यता तेथे लागू पडत नाही. अ‍ॅल्युमिनियम सुमारे ६६० अंशांनाच वितळते. चौकट गळाली तर काच काय करणार? परदेशी परीक्षेचे प्रमाणपत्रही या मान्यतेची जागा घेऊ शकत नाही.

हे सर्व एका उदाहरणात बसवू. समजा, उप-अग्निप्रतिबंधक विभागात चार मजल्यांची कचेरीची इमारत आहे. बाजूची भिंत हद्दीपासून २ मीटरवर. तेव्हा त्या बाजूच्या सर्व मजल्यांच्या खिडक्यांना ‘ईबी’ हवी. समोरचा रस्ता ६ मीटर रुंद आणि इमारत रस्त्याच्या कडेपासून १ मीटर मागे, म्हणजे मध्यरेषेपासून ४ मीटर. तळमजल्यावर ३ मीटरची मर्यादा ओलांडली गेली, तेथे साधी काच चालेल; वरच्या मजल्यांवर ५ मीटरची मर्यादा ओलांडली गेली नाही, तेथे आगरोधक खिडकीच हवी. जिन्याच्या दाराला २० मिनिटांबरोबर धूररोध हवा. एकच दर्शनी भिंत, पण वरची आणि खालची काच निराळी! नियम वाचल्याशिवाय हे कोणत्याही तर्काने सुचणार नाही.

बांधताना घेतलेली काळजी पुढेही टिकवावी लागते. जाळी विद्रूप दिसते म्हणून नंतरचा मालक तेथे साधी स्वच्छ काच बसवतो, आणि एका सुताराच्या एका दिवसाच्या कामाने संपूर्ण भिंतीचे संरक्षण नाहीसे होते. २२ डिसेंबर २०१६ रोजी इतोइगावा शहरात एका उपाहारगृहातून निघालेली आग वाऱ्याने पसरली आणि १४७ इमारतींना तिची झळ पोचली. २०१८ साली कायद्यात पुन्हा दुरुस्ती झाली. आगीला अधिक तोंड देणारी इमारत बांधणाऱ्यास उप-अग्निप्रतिबंधक विभागात जागेवर थोडे अधिक बांधकाम करण्याची सवलत मिळू लागली. जुन्या वस्तीने स्वतःहून बदलावे, हा त्यामागचा हेतू.

आपल्याकडेही आता काचेच्या भिंतींच्या इमारती उभ्या राहत आहेत. जपानचे अंतर व मिनिटे आपल्याला जशीच्या तशी लागू नाहीत. आपल्याला आपलेच नियम पाळायचे आहेत. पण ते चार प्रश्न कोणत्याही गावात विचारता येतात. आपल्या मुलांच्या शिकवणीच्या वर्गात, रुग्णालयात, कचेरीत जिन्याच्या दाराशी उभे राहून एवढे विचारावे : हे दार किती वेळ तग धरील, ते काय अडवील, आणि ते मिटते का? काच आग विझवीत नाही. ती माणसाला वीस मिनिटे देते, आणि जिना उतरायला तेवढी पुरतात.