देवस्थानाचं थंड हवेचं ठिकाण: निक्को

सन 1868 मध्ये जपानचे लष्करी शासक असलेल्या तोकुगावा शोगुनांची सत्ता कोसळली आणि निक्कोचा राजाश्रय गेला. टोकियोच्या उत्तरेला डोंगरात वसलेलं हे क्षेत्र आठव्या शतकात शोदो या बौद्ध भिक्षूने स्थापलं, पण त्याचा थाट मात्र तोकुगावांचा. घराण्याचा मूळपुरुष इएयासू याची 1617 मध्ये इथे देव म्हणून स्थापना झाली. नातू इएमित्सूने 1636 पर्यंत त्याचं तोशोगू देवस्थान सोन्याने आणि कोरीवकामाने असं मढवलं की डोळे दिपतात. खरं सांगायचं तर थोडे दमतातही. नव्या सरकारने जपानचा मूळचा शिंतो धर्म आणि बौद्ध धर्म वेगळे करायचा हुकूम काढला आणि शतकानुशतकं एकत्र नांदलेल्या दैवतांची वाटणी झाली.

याच पडत्या काळात कानाया झेनइचिरोने पाहुणे ठेवायला सुरुवात केली. तो तोशोगूचा वादक, गागाकू हे दरबारी संगीत वाजवणारा. अमेरिकन मिशनरी डॉक्टर हेपबर्न त्याच्या घरी उतरले होते; परदेशी लोकांना खोल्या दे, हा सल्ला त्यांचाच. 1873 मध्ये त्याने राहत्या घरातच धंदा मांडला. 1878 मध्ये इंग्रज प्रवासिनी इझाबेला बर्ड तिथे राहिली. खोल्या इतक्या देखण्या, की शाई सांडेल, चटईला खळगा पडेल, अशी तिला सारखी धास्ती. 1890 मध्ये रेल्वे आली आणि 1893 मध्ये कानायाने नवं हॉटेल उघडलं. ते अजून चालू आहे, जुन्या घराचं संग्रहालय झालंय.

आणखी वर, 1269 मीटरवर, चुझेन्जी सरोवर. तो परिसर पवित्र मानला जाई, म्हणून तिथे पूर्वी बायकांना मज्जाव होता, आणि घोड्या-बैलांनाही. ही बंदी 1872 मध्ये उठली. पुढच्या पंचवीस वर्षांत तिथे राजदूतांचे बंगले उभे राहू लागले. ब्रिटिश मुत्सद्दी अर्नेस्ट सॅटोने 1896 मध्ये काठावर घर बांधलं, तेच पुढे दूतावासाचं झालं. मला जास्त आवडतो तो इटालियन दूतावासाचा 1928 चा बंगला. वास्तुकार अंतोनिन रेमंडने भिंती आणि छत जपानी देवदाराच्या सालीने मढवले, आणि तेही खोलीगणिक वेगळ्या नक्षीत. तोशोगूच्या सोन्यापुढे ही साल मला उजवी वाटते.

सरोवराकडे जाणाऱ्या इरोहाझाका घाटाला 48 वळणं आहेत आणि प्रत्येक वळणावर जुन्या जपानी वर्णमालेतलं एकेक अक्षर लावलंय. 1965 मध्ये दुसरा रस्ता झाल्यापासून नवा फक्त चढायला, जुना उतरायला. तरीही ऑक्टोबरात पानं लाल झाली की चढणीवर गाड्यांची रांग हलता हलत नाही.