पांढऱ्या चिलीची पहिली उकळी

‘चिली’ म्हटले की आपल्याला चिनी पद्धतीच्या हॉटेलांतील चिली चिकन आठवते. अमेरिकेत मात्र चिली म्हणजे मांस, मिरची आणि मसाले एकत्र शिजवून केलेले दाट कालवण. टेक्सासने १९७७ मध्ये त्याला राज्याचा अधिकृत पदार्थ म्हणून मान्यता दिली. व्हाइट चिकन चिली ही त्याच कुळातली. तिच्यात टोमॅटो आणि लाल तिखट नसते.

काही वर्षांपूर्वी थंडीत मी अमेरिकेत लेकीकडे गेलो होतो. तिने रात्री भिजवलेला पांढरा राजमा सकाळी न उकळताच, चिकनसोबत, मंद आचेच्या विजेच्या भांड्यात (तिकडचा स्लो कुकर) घातला आणि ती कामाला गेली. संध्याकाळी चिली चविष्ट लागली. दाणे किंचित टचटचीत होते, तिकडे आम्ही दुर्लक्ष केले. दोन तासांतच घरातले सारे उलट्यांनी हैराण झाले. डॉक्टर असूनही माझा पहिला संशय चिकनवर गेला. बहुधा दोषी होता तो राजमा.

कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचे विषारी प्रथिन असते. लाल दाण्यांत ते सर्वाधिक, पांढऱ्यांत त्याहून कमी, पण असते. खळखळत्या उकळीने ते निष्प्रभ होते. मंद आचेवर तेवढे तापमान मिळेलच असे नाही, आणि अर्धवट तापलेले दाणे कच्च्यांपेक्षाही अधिक बाधू शकतात. आपल्या प्रेशर कुकरची थोरवी इथे ध्यानात येते.

चौघांसाठी एक वाटी पांढरा राजमा रात्रभर भिजवा. ते पाणी ओतून द्या आणि ताज्या पाण्यात कुकरमध्ये दाणे बोटाने सहज चिरडेपर्यंत शिजवा. कुकर नसल्यास किमान अर्धा तास खळखळ उकळून मग मऊ होऊ द्या. दोन चमचे तेलात कांदा, पाच-सहा लसणाच्या पाकळ्या आणि दोन-तीन कमी तिखट हिरव्या मिरच्या परता. चमचाभर जिरेपूड, अर्धा चमचा ओरेगॅनो, अर्धा किलो बोनलेस चिकन आणि तीन वाट्या पाणी घालून शिजवा. चिकन नळाखाली धुऊ नका. उडणाऱ्या शिंतोड्यांतून जंतू ओट्यावर पसरतात. आत गुलाबी छटा राहता कामा नये. तापमापक असल्यास मधोमध ७४ अंश सेल्सिअस भरले पाहिजे. मग चिकनचे तंतू सोडवा.

आता मलईची युक्ती. शिजलेल्या राजम्यातील एक तृतीयांश दाणे वाटून, उरलेल्या दाण्यांसह रश्श्यात मिसळा. साय, चीज न घालताही दाटपणा येतो, शिवाय तंतुमय घटक पोटात जातात. आच बंद केल्यावर अर्धी वाटी चक्का फेटून घाला. उकळत्या रश्श्यात तो फाटतो. शेवटी लिंबू आणि कोथिंबीर.

डबाबंद राजमा आधीच शिजवलेला असतो. तो पाण्याखाली धुऊन घेतल्यास मीठ कमी होते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र राजम्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

उरलेली चिली मोठ्या पातेल्यात ओट्यावर रात्रभर ठेवू नका. उथळ भांड्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि खाताना पुन्हा वाफा येईपर्यंत तापवा.

वाचकहो, घास टचटचीत लागला, तर संकोच न करता ताट बाजूला सारा आणि भांडे पुन्हा उकळायला ठेवा. त्या संध्याकाळी मला एवढेच करायचे होते.