बेंजोची दोन बटणं आणि प्लगची तिसरी पिन

आज आम्ही बेंजोबद्दल बोलणार आहोत. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि आजूबाजूच्या गावांत हळद असो की गणपती, बेंजो पार्टी आली की रंग भरतो. हे वाद्य मूळचं जपानचं. १९१२ साली नागोया शहरात ताइशोगोतो नावाचं वाद्य तयार झालं, ते आपल्याकडे बुलबुलतरंग झालं. त्याच्या तारांखाली पिकअप बसवला की झाला विजेवरचा बेंजो. २०१६ साली रवी जाधव यांनी ‘बँजो’ हा चित्रपट काढला, तो अशाच वादकांवर.

आमच्या गटातल्या दोघींची मुलं पार्टीत वाजवतात. गेल्या पावसाळ्यात त्यातल्या एकाने डावा हात तारांवर असताना उजव्या हाताने माइक धरला आणि त्याला जोराचा झटका बसला. पोरगा वाचला, पण आम्ही हादरलो. मग ओळखीच्या वायरमनला बोलावून, वाद्य उघडून, आत काय असतं ते नीट समजून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगतो आहोत.

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत अगदी थोडी वीज तयार होते. अँप्लिफायर तिला मोठं करून स्पीकरला देतो. विजेच्या गिटारमध्येही हीच व्यवस्था असते.

वाद्यावरची दोन बटणं, म्हणजे व्हॉल्यूम आणि टोन, आवाज वाढवत नाहीत. पिकअपमधून आलेल्या विजेतली नको तेवढी ती ग्राउंडकडे सोडून देतात. पाटाचं पाणी आपण काही वाफ्याकडे वळवतो, काही ओढ्याला सोडतो, तसंच हे. टोनच्या बटणाला एक छोटा कंडेन्सर जोडलेला असतो. तो चाळणीसारखा आहे. बारीक, तीक्ष्ण सूर त्यातून ग्राउंडकडे पडतात आणि जाड सूर मागे राहतात. म्हणून टोन कमी केला की आवाज मऊ होतो.

आता जोडणी. बटणाखालच्या भागाला पॉट म्हणतात. त्याला तीन पाय असतात. पॉटची पाठ आपल्याकडे आणि पाय खाली, असं धरा.

व्हॉल्यूमच्या पॉटवर डाव्या पायाला पिकअपची मुख्य तार. मधल्या पायातून तार निघते ती जॅकच्या टोकाच्या पत्तीला. उजवा पाय पॉटच्या पत्र्याला सोल्डर करायचा, तोच ग्राउंड.

टोनच्या पॉटवर व्हॉल्यूमच्या डाव्या पायापासून एक तार आणून मधल्या पायाला जोडायची. उजव्या पायापासून पॉटच्या पत्र्यापर्यंत कंडेन्सर लावायचा. डावा पाय रिकामा ठेवायचा.

पिकअपची दुसरी तार, दोन्ही पॉटचे पत्रे, जॅकचा बाहेरचा भाग आणि तारा जिथे बांधतात ती लोखंडी पट्टी, हे सगळं एकमेकांना जोडलेलं हवं. यातलं एक जरी तुटलं तरी स्पीकरमधून घुमघुम येते.

दुकानात मागताना २५० किंवा ५०० किलोओहमचा पॉट मागा आणि त्यावर ‘ए’ असलेला घ्या. ‘बी’ चा घेतला तर आवाज सावकाश न वाढता एकदम चढल्यासारखा वाटतो. कंडेन्सर ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरडचा चालतो. ०.०४७ ने आवाज जास्त मऊ होतो. सोल्डर करताना वाद्याची वायर अँप्लिफायरमधून काढून ठेवा, आणि टाका घालायच्या आधी पॉटचा पत्रा घासून घ्या, नाहीतर टाका धरत नाही.

आता त्या झटक्याकडे येऊ. नुसत्या पिकअपमधली वीज इतकी थोडी असते की तिने झटका बसत नाही. पण वाद्याच्या तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात, आणि ते ग्राउंड वायरमधून थेट अँप्लिफायरच्या पत्र्याला जातं. अँप्लिफायरमध्ये बिघाड होऊन पत्र्यात वीज उतरली तर तीच वीज वाजवणाऱ्याच्या बोटांपर्यंत येते. ती वाटेतच जमिनीत जावी म्हणून प्लगला तिसरी, जाड पिन असते. आमच्या मुलांच्या अँप्लिफायरची ती पिन कुणीतरी कापून टाकली होती, बोर्डात बसत नाही म्हणून. आतला बिघाड वायरमनला दुसऱ्या दिवशी सापडला.

म्हणून मैत्रिणींनो, मुलगा बेंजो घेऊन निघाला की आधी प्लग बघा. तीन पिना आहेत ना? मांडवात अर्थिंग असलेला बोर्ड आहे ना? तो वायरमनकडून तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायला सांगा. वीज गळायला लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो. पावसात बोर्ड जमिनीवर ठेवू नका, ओल्या पायांनी वाजवू देऊ नका. तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर वाजवणं तिथेच थांबवा आणि आधी मेन स्विच बंद करा. सुपारी घेतली आहे, लोक जमले आहेत, हे सगळं नंतर.

आमची मुलं आता वाजवायला निघताना प्लग आमच्यासमोर धरतात. आम्ही बघतो, मगच टेम्पो हलतो.