गुन्हा कृत्याचा कीं जातीचा ?

निवडणुकीच्या प्रचारांत गुन्हेगारीचा आरोप होतो, तो कृत्यावर कीं जन्मावर, हें कसें ओळखावें ? हेतु मनांत असतो. शब्द मात्र तपासतां येतो. माहुराच्या आसमंतांत तांडे असलेला बंजारा समाज घ्यावा. बैलांवरून लष्करास धान्य पुरविणारे हे लोक मोगलांस व इंग्रजांसही हवे होते. आगगाडीनें तो व्यापार बुडाला. आणि १८७१ च्या कायद्यानें सबंध जमाती गुन्हेगार ठरविण्याची वाट उघडल्यावर कित्येक प्रांतांत बंजारेही त्या यादींत आले. १९५२ सालीं कायदा रद्द झाला, कलंक उरला. ज्या लेखांत आरोपीचें नांव, स्थळ व तिथि नसून केवळ जमात असते, तो गुन्ह्याचा नव्हे, लिहिणाऱ्याच्या पूर्वग्रहाचा पुरावा होय. प्रचारकाच्या वाक्यासही हीच कसोटी लावावी.