कबुतरांची मान वाकडी करणारा विषाणू

ढाबळीतलं कबुतर मान पिळवटतंय, दाणा टिपताना नेम चुकतोय, पाणी खूप पितंय, विष्ठा हिरवट-पातळ आहे? मग शंका घ्या 'पीपीएमव्ही-१'ची!

कोंबड्यांत मानमोडी (राणीखेत) आणणाऱ्या विषाणूचाच हा कबुतरांत रुळलेला प्रकार. 🧬 याचा आरएनए जेमतेम १५,००० अक्षरांचा. नकला होताना त्यात चुका राहतात, त्या साठत जातात आणि त्यांवरूनच शास्त्रज्ञ वंशावळ मांडतात. कबुतरांतले बहुतेक नमुने सहाव्या आणि एकविसाव्या जनुकगटात मोडतात. मूळ पूर्वज मात्र कोंबड्यांकडून आलेला.

🌍 प्रवास: १९७०च्या दशकाअखेर मध्यपूर्व, १९८१ला इटली, १९८३ला ब्रिटन, २०११ला ऑस्ट्रेलिया. शर्यतीच्या आणि शौकाच्या कबुतरांची ने-आण त्याच्या पथ्यावर पडली.

१९८४मध्ये तर लिव्हरपूलच्या गोदीत रानकबुतरांच्या विष्ठेने खाद्य दूषित झालं आणि ब्रिटनमधल्या कोंबड्यांतच साथ उसळली. म्हणजे विषाणू उलट्या वाटेनेही जातो!

✅ नवीन पक्षी काही आठवडे वेगळा ठेवा, पशुवैद्यांना विचारून लस द्या, दाणा झाकून ठेवा. आजारी पक्षी हाताळल्यावर हात धुवा. माणसाचे डोळे येऊ शकतात.