पगाराचा आकडा आणि पहिली पायरी

बारावी किंवा पदवीच्या उंबरठ्यावरच्या मुलांपुढे हल्ली दोन वाटा मांडल्या जातात: अकाउंट्स आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंट. तुलना होते ती बहुधा पुण्या-मुंबईतल्या बड्या पगारांची, आणि तिथे प्रोजेक्ट मॅनेजर पुढे दिसतो. धाराशिव जिल्ह्यात राहून विचार करायचा तर हिशेब खालून मांडायला हवा. पहिलं काम कुठे मिळतं, त्यासाठी किती वर्षं आणि किती पैसा घालावा लागतो, हे आधी पाहायचं. तसं पाहिलं तर इथल्या साध्या घरातल्या मुला-मुलींनी सुरुवात हिशेबाच्या कामापासून करावी, असं माझं ठाम मत आहे.

सरकारी वेतनश्रेणीत दोन्ही वाटांत फारसं अंतर नाही. सातव्या वेतन आयोगानुसार जिल्हा परिषदेतला वरिष्ठ सहायक (लेखा) आणि स्थापत्य अभियांत्रिकी सहायक हे दोघेही २५,५०० ते ८१,१०० रुपयांच्या एकाच श्रेणीत येतात. वरच्या पदावर कनिष्ठ लेखाधिकाऱ्याची सुरुवात ३५,४०० पासून, तर प्रकल्पाची कामं प्रत्यक्ष करून घेणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याची ३८,६०० पासून होते. मूळ वेतनातला फरक ३,२०० रुपयांचा. पण बी.कॉम. तालुक्याच्या गावी घरी राहून होतं आणि अभियांत्रिकीची फी त्याच्या कैक पट असते. घरची शेती कोरडवाहू असेल, तर हा खर्च पगाराइतकाच महत्त्वाचा ठरतो.

खासगी क्षेत्रात प्रोजेक्ट मॅनेजमेंटची एक बाजू क्वचितच सांगितली जाते: ही सहसा पहिली नोकरी नसते. अमेरिकेतल्या पीएमआय या संस्थेचं पीएमपी प्रमाणपत्र जगभर मानलं जातं. त्याच्या परीक्षेला बसण्यासाठी चार वर्षांची पदवी असली, तरी प्रकल्प चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो. म्हणजे माणूस आधी इंजिनिअर, प्रोग्रामर किंवा क्षेत्रीय कार्यकर्ता होतो आणि मग मॅनेजर. ज्या मोठ्या पगाराचा दाखला दिला जातो, तो या आधीच्या वर्षांचाही मोबदला असतो.

उलट हिशेबाचं काम जिल्ह्यात गावोगाव आहे. सहकार कायद्याच्या कलम ८१ प्रमाणे प्रत्येक सहकारी संस्थेचं लेखापरीक्षण व्हावं लागतं. मग ती पतसंस्था असो, दूध संस्था असो की सोसायटी. त्यासाठी सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही पदविका पदवीनंतर मिळवता येते, आणि वाणिज्य शाखेच्या मुलांना तिची माहिती फारच कमी असते, याची खंत वाटते. शेतकरी उत्पादक कंपन्यांनाही दरवर्षी ऑडिट चुकत नाही. साखर कारखान्यांना उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, १४ दिवसांत चुकती करावी लागते, उशीर झाला तर १५ टक्के व्याज लागतं. त्यामुळे तिथे शेतकऱ्यागणिक चोख हिशेब लागतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून तर आडत दुकानदार आणि छोटे कंत्राटदारही विवरणपत्रं भरणाऱ्याच्या शोधात असतात.

सॉफ्टवेअर ही कामं गिळून टाकेल, असा आक्षेप घेतला जातो. नुसत्या नोंदी टायपणाऱ्याच्या बाबतीत तो खरा आहे, आणि अशा कामाचा पगार आजही तुटपुंजा आहे. पण जीएसटीची नोटीस आली की उत्तर माणसालाच लिहावं लागतं, ताळेबंदावरची सहीही माणसाचीच असते. दुसरा आक्षेप सीएच्या कठीण परीक्षेचा. तिथे अनेकांची उमेदीची वर्षं जातात, हे नाकारता येणार नाही. आर्टिकलशिप नव्या योजनेत तीनऐवजी दोन वर्षांची झाली, तरी परीक्षा सोपी झालेली नाही. म्हणून सीए झालो तरच खरं, हा हट्ट सोडला पाहिजे. पदवी, जी.डी.सी. अँड ए. आणि जीएसटीचं पक्कं ज्ञान एवढ्यावरही तालुक्यात व्यवसाय उभा राहतो. बाहेरगावी जाऊन राहणं ज्या मुलींना घरून मंजूर नसतं, त्यांच्यासाठी तर तालुक्यातच काम मिळणं निर्णायक आहे.

सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या ८४ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाचं काम चालू आहे, कौडगावला एमआयडीसी आहे, मग जिल्ह्यात प्रकल्पांना काय तोटा, असं कुणी विचारेल. प्रकल्प आहेतच. पण ते संपतात. १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा-लोहारा भागात जागतिक बँकेच्या साह्याने पुनर्वसनाचं प्रचंड काम झालं. घरं उभी राहिली आणि यंत्रणा गुंडाळली गेली. रेल्वेचा व्यवस्थापकही रूळ टाकून झाले की पुढच्या कामावर जाणार. फिरस्तीची तयारी असलेल्याला हे आयुष्य नक्कीच मानवेल, आणि तुळजापूरच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी ग्रामीण विकास शिकलेल्यांना त्यात खरी संधी आहे.

तरीही हिशेबातून प्रकल्पाकडे जाता येतं. अनुदानावर चालणाऱ्या कामात उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर गेलं नाही, तर पुढचा हप्ता अडकतो. खर्च कुठल्या लेखाशीर्षाखाली दाखवायचा, कंत्राटदाराच्या बिलातून किती रक्कम राखून ठेवायची, हे जाणणारा लेखापाल तीन-चार वर्षांत प्रकल्पाची नाडी ओळखू लागतो. जिल्ह्यातल्या वाणिज्य महाविद्यालयांनी टॅलीच्या जोडीला निविदा, अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका वाचायला शिकवलं, तर तिथला विद्यार्थी व्यवस्थापकाच्या खुर्चीसाठी इंजिनिअरच्या बरोबरीने अर्ज करू शकेल.