शिवराळ ई-मेलची चाळणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

आंतरजालावर जमलेल्या मंडळात एखाद्या सभासदाच्या टपालपेटीत शिवीगाळ आणि धमक्या येऊ लागल्या, की चालकांपैकी काही सर्वांचाच पत्रव्यवहार तपासण्याचा अख्त्यार मागतात आणि काही खासगीपणाचा हवाला देऊन हात झटकतात. या दोन्ही भूमिका पीडिताला सारख्याच घातक असून त्यांच्या मुळाशी पुढील गैरसमज आहेत.

गैरसमज : अपशब्दांची यादी करून ती पत्रे अडवली, की बंदोबस्त झाला.
वस्तुस्थिती : १९९६ साली अमेरिका ऑनलाइन या सेवेच्या चाळणीला इंग्लंडातील स्कन्थॉर्प या गावाच्या नावातच एक इंग्रजी अपशब्द दडलेला आढळला, आणि त्या गावच्या निरपराध रहिवाशांना खाते उघडणे दुरापास्त झाले. उलटपक्षी, ‘तुमची मुलगी कोणत्या शाळेत जाते, हे मला ठाऊक आहे’ या वाक्यात एकही अपशब्द नाही, आणि तरीही ते वाचणाऱ्या आईची झोप उडते.

गैरसमज : चाळणी लावायची, तर कोणीतरी सर्वांची पत्रे वाचलीच पाहिजेत.
वस्तुस्थिती : अठराव्या शतकातील गणिती थॉमस बेझ यांच्या संभाव्यतेच्या सिद्धांतावर आधारलेली आणि २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांच्या निबंधामुळे प्रसिद्धी पावलेली पद्धत अशी, की आपण कोणती पत्रे ठेवली आणि कोणती टाकली यावरून शब्दांचे गणित मांडून नव्या पत्राचा कल ठरवला जातो. हे सारे गणित पत्र घेणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर होऊ शकते. त्यासाठी परक्या माणसाने लखोटा फोडण्याची गरज नसते. मात्र ही पद्धत अनाहूत जाहिराती अडवण्यासाठी घडलेली असल्यामुळे तिच्या हातून चूक होते, म्हणून संशयित पत्र नष्ट न करता वेगळ्या कप्प्यात ठेवावे.

गैरसमज : पत्रावर ज्याचे नाव, तोच अपराधी.
वस्तुस्थिती : १९८२ साली ठरलेल्या ई-मेलच्या मूळ नियमावलीत प्रेषकाची खातरजमा करण्याची तरतूदच नव्हती. पुढे आलेल्या एसपीएफ आणि डीकिम या पद्धती पत्र कोणत्या संस्थळाच्या नावे निघाले हे पडताळतात, परंतु खात्यामागचा इसम कोण, हे सांगू शकत नाहीत. म्हणून केवळ नावावरून कोणाची जाहीर बदनामी करू नये.

गैरसमज : पत्र पुसले, की प्रकरण मिटले.
वस्तुस्थिती : ज्या शीर्षनोंदींत पत्राच्या प्रवासाचा माग असतो, त्या मूळ पत्राबरोबरच नाहीशा होतात, आणि पडद्याच्या छायाचित्रात बहुधा उतरत नाहीत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे आक्षेपार्ह संदेशांविषयीचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले असले, तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ प्रमाणे फौजदारी धाकदपटशा हा गुन्हा आहे, आणि तो निनावी पत्राने केला तर दोन वर्षांपर्यंत जादा कारावासाची तरतूद आहे. फिर्याद द्यायची, तर मूळ पत्र जपलेच पाहिजे.

गैरसमज : खासगीपणाचा आग्रह छळणाऱ्याला आश्रय देतो.
वस्तुस्थिती : २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी मूलभूत म्हणून मान्य केलेला हा हक्क सर्वप्रथम पीडिताचा आहे, कारण पत्ता उघडा पडल्यावाचून छळ घरापर्यंत पोहोचत नाही.

यास्तव चालकांना कळकळीची विनंती, की सभासदांना एकत्रित पत्र पाठवताना पत्ते ‘बीसीसी’मध्ये, म्हणजे एकमेकांना दिसणार नाहीत असे, ठेवावेत, आणि पीडिताने आपणहून दाखवलेले पत्र तेवढेच वाचावे, पण ते त्याच दिवशी वाचावे.